चंदेरी दार

गाडी माझी हिरवी, डावं दार चंदेरी.
सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला वाकून विचारतो,
ठोकली का हो, काकू?
नाही, म्हणते. जोडली.

मॅटिझ. दोन हजार एकची.
डोळे बेडकाचे, कंबर आखूड,
सकाळी तीनही सिलिंडर खाकरून घेतल्याशिवाय
पुढे सरकायची नाही,
आमच्या शाळेचे हेडमास्तर प्रार्थनेआधी करायचे तसं.
कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा
माझे हप्ते चालू होते.
बँकेनं काही गुंडाळला नाही.

खंबाटकीच्या चढाला टायमिंग बेल्ट तुटला.
आवाज नाही, धूर नाही,
बोलता बोलता माणूस शब्द विसरतो
तशी थांबली.
चार व्हॉल्व्ह वाकले. टो करून पुण्यात आणली,
दोरीच्या या टोकाला मी, ब्रेकवर पाय,
आणि पुढच्या टेम्पोवर लिहिलेलं
आईचा आशीर्वाद
साठ किलोमीटर वाचत.

नाना पेठेत इलियास मिस्त्री.
शोरूमवाल्यांनी हात वर केले होते,
भाचा म्हणाला होता, भंगारात घाला.
इलियासनं बॉनेट उघडलं, चहा सांगितला,
म्हणाला, मॅडम, पार्ट मिळत नाही असं नसतं.
पार्ट असतो.
कुणाच्या तरी गाडीत असतो.

तिथंच भेटत गेलो मग सगळे, रविवारी दहानंतर.
वानवडीचे डिमेलो:
रेडिएटरचा पंखा घरच्या बेलच्या बटणावर चालवायचे,
कॅम्पात गर्दी दिसली की बेल दाबायची.
आंबेगावचा थोपटे:
उजवा इंडिकेटर दिला की मागचा वायपर हलायचा.
दुरुस्त करू का, विचारलं तर म्हणे नको,
लोक थांबतात बघायला.
स्पार्कचं काय काय आपल्याला बसतं
याची यादी तोंडपाठ असलेली माणसं,
एकमेकांच्या मुलांची नावं मात्र
नीट ठाऊक नसलेली.

आणि घाटपांडे. चंदेरी.
त्यांची वही होती, जुनी, लांबट, हिशेबाची.
२ जुलै: एसीचा गॅस, पुन्हा.
९ नोव्हेंबर: क्लच केबल, लकडी पुलावर, लोकांनी शिव्या दिल्या.
१४ मार्च: आज काही नाही.
हे शेवटचं त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं.

डोळ्यांचं निघालं त्यांच्या. लायसन्स संपलं,
पुन्हा मिळणार नव्हतं.
विकत कोणी घेईना.
मग एक दिवस इलियासनं पाने काढले.
पंखा डिमेलोंना, क्लच प्लेट थोपटेला.
माझं दार स्वारगेटला पीएमपीनं नेलं होतं,
महिनाभर प्लॅस्टिक लावून फिरत होते,
मला दार.
पैसे नाही घेतले कोणाचेच.
दिवसभर स्टुलावर बसून
भिंगानं बघत बघत लिहिलं वहीत,
कोणाला काय.
पान भरल्यावर टोपण लावलं, आणि विचारलं,
हॉर्न राहिला का रे?

परवा नळ स्टॉपला दोघं उभे,
हातात औषधांची पिशवी.
तीन रिक्षा नाही म्हणून गेल्या, चौथ्यानं तर
मानही हलवली नाही.
मी गाडी कडेला घेतली.
घाटपांडे चाचपडत मागच्या सीटवर,
नीलाताई पुढे, डावीकडे,
वीस वर्षं बसल्या त्याच दारानं आत.
पदर सावरला, पिशवी पायाशी ठेवली.

हे दार जरासं अडतं, सांगायला मी तोंड उघडलं
तोच मागून आवाज आला,
नीला, उचलून लाव!

माहितीये, त्या म्हणाल्या,
आणि उचलून लावलं.